तिसरी तिकडी

येसेनियाचे कोपर लागले आणि तिसऱ्या तिकडीतला एक कप टेबलावर आडवा झाला. पाणी अजून ओतायचे होते. सांडली ती नुसती दळलेली कॉफी. खोलीतल्या लाल उजेडात ती चुलीतल्या राखेसारखी दिसली.

"झालं! परीक्षेआधीच निकाल," लिबार्दो म्हणाला. "व्हा बाहेर सगळे. मी पुन्हा भरतो."

"चुकून लागलं हो, दॉन लिबार्दो."

"चुकूनच लागतं, पोरी. ठरवून लावलं असतंस तर नेमाचं कौतुक केलं असतं."

चौघे बाहेर पडले: येसेनिया, दोघे ओकाम्पो बंधू आणि सर्वांत शेवटी नूबिया आर्बेलाएस. दार लोटताना तिने मागे पाहिले. टेबलप्रमुख लिबार्दो कोपऱ्यातल्या कपाटातून राखीव पुड्या काढून दळणयंत्राकडे वळला होता. शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेच्या या टेबलावर ती अर्धे आयुष्य त्याच्यासमोर उभी राहून कॉफी चाखत आली होती. त्याची पाठ मात्र तिला क्वचितच दिसली होती.

बाहेरच्या पांढऱ्या उजेडात तिच्या अंगातून उष्णतेचा लोट वर आला. तो नेहमी छातीच्या मध्यावरून निघे, गळ्याशी थांबल्यासारखा करी आणि मग एकदम केसांच्या मुळांशी पोचे. तिने उत्तरपत्रिकेनेच वारा घ्यायला सुरुवात केली.

"आज कुठला इशारा, दोन्या नूबिया?" थोरल्या ओकाम्पोने आदराचे संबोधन न सोडता विचारले. "पिवळा की नारिंगी?"

खिडकीबाहेर ढग होते. ढगांमागे कुठेतरी रुईसचा ज्वालामुखी होता, आणि चिंचिना गावात जन्मलेल्या माणसाला त्याच्या इशाऱ्यांचे रंग मुळाक्षरांच्या आधी येतात.

"लाल," नूबिया म्हणाली. "गाव रिकामं करा. सुरुवात तुमच्यापासून."

धाकटा ओकाम्पो हसला. थोरला हसला नाही. त्याने खिडकी मात्र उघडली.

तिकडी म्हणजे तीन कप. दोघांत एकच कॉफी, तिसऱ्यात दुसरी; वेगळा कप ओळखायचा. रंगावरून कोणाला सुगावा लागू नये म्हणून उजेड लाल. वेगळ्या कपाच्या बुडाला ठिपका चिकटवलेला असतो, आणि सर्वांची उत्तरे लिहून झाली की कप उचलून ठिपके पाहतात. सहा तिकड्या होत्या, त्यांतल्या पाच बरोबर यायला हव्या होत्या. ज्याच्या येणार नाहीत त्याने टेबल सोडून गोदामाच्या खिडकीवर पोती नोंदवायला बसायचे, असे व्यवस्थापक हेर्मानने सकाळी जाहीर केले होते. जाहीर करताना तो नूबिया सोडून सर्वांकडे पाहत होता, त्यामुळे ते कोणासाठी आहे हे सर्वांना कळले होते.

परीक्षेची गरज जर्मनीतल्या एका खरेदीदारामुळे निर्माण झाली. या टेबलाचे गुण वर्षानुवर्षे शंभरपैकी चौऱ्याऐंशीच्या आसपास बसत. कोणाचीही कॉफी असो, कुठल्याही उतारावरची असो, चौऱ्याऐंशी. व्यापाराला ही स्थिरता आवडते. तो तिला विश्वासार्हता म्हणतो, जसे प्रेताला शांत म्हणतात. मग वर्षाच्या मधल्या, लहान तोडणीच्या हंगामापासून गुण हलू लागले. नूबिया एखाद्या कॉफीला अठ्ठ्याहत्तर देई, एखादीला नव्वद; खरेदीदाराने कारण विचारले. लिबार्दोचे गुणही तिच्या बरोबरीने वरखाली होत. पण पुरुषाचे गुण हलले तर तो विवेक असतो आणि बाईचे हलले तर ते वय असते. हेर्मानने निष्कर्ष काढला की लिबार्दो सभ्य माणूस आहे, बाईला सांभाळून घेतो. बाईचे काय चालले आहे हे तर साऱ्यांनाच ठाऊक होते. चिंचिनातल्या औषधाच्या दुकानातून कोणालाही काहीही गुपचूप विकत घेता आलेले नाही.

नैराश्यावरची ती गोळी नूबियाच्या आयुष्यात आली तिची आई गेली त्या वर्षी. ती पलंगावरून उठत नव्हती. गोळीने तिला उठवले. हे उपकार ती नाकारत नसे, आणि गोळ्या घेणाऱ्यांना दुबळे म्हणणाऱ्यांशी वादही घालत नसे. त्यांना ती फक्त वाईट कॉफी पाजत असे, आणि ते ती आवडीने पीत. पुढे पाळी लांबू लागली, मग गेली. झोप तिच्या मागोमाग गेली. आणि जी धास्ती कायमची गेली असे तिने धरून चालले होते ती, उसने भांडे मागायला आलेल्या शेजारणीसारखी, दार न वाजवता आत येऊन बसली. स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणाला, हे मनाचे आहे, मनाच्या डॉक्टरकडे जा. मनाचा डॉक्टर म्हणाला, हे वयाचे आहे, गोळी वाढवू. वैद्यकशास्त्राने स्त्रीचे शरीर दोन खात्यांत वाटून घेतलेले आहे, आणि त्या खात्यांचे एकाच मुद्द्यावर एकमत आहे: अर्ज पलीकडच्या खिडकीवर द्यावा.

नूबियाला गोळी वाढवायची नव्हती. गोळीच्या खाली आता काय उरले आहे ते तिला पाहायचे होते. याला कोणी धैर्य म्हटले असते तर तिला हसू आले असते. दुसऱ्यांच्या कॉफीत काय दडले आहे ते हुडकण्यात जिचे केस पांढरे झाले त्या बाईला आपल्याच पेल्यावरचे झाकण उचलून पाहावेसे वाटले, इतकेच.

"मग एक दिवसाआड घ्या आणि महिन्याभरात सोडून द्या," मनाचा डॉक्टर म्हणाला होता. जिन्याची एकाआड एक पायरी काढून टाकली म्हणजे माणूस लवकर खाली पोचतो, हे खरेच आहे. जानेवारीत, शेजारच्या मानिसालेसमध्ये जत्रा चालू असताना, मान वळवली की नूबियाच्या डोक्यात विजेचा चटका बसू लागला. टेबलावर तिच्या हातातून चमचा निसटू लागला.

या टेबलाची एक रीत होती. सर्दी झाली, दाढ दुखली, घरात कोणी वारले, कशानेही जिभेवरचा भरवसा गेला, की माणूस आपला चमचा टेबलावर पालथा ठेवून निघून जाई. कारण कोणी विचारत नसे. नूबियाने तो महिना चमचा पालथा ठेवला. लिबार्दोनेही कारण विचारले नाही, तो एवढेच म्हणाला, "जत्रेत जास्त नाचलीस वाटतं."

त्यानंतर ती मानिसालेसला डॉक्टर ओस्साकडे गेली. या बाईने आधी तिचे सगळे ऐकून घेतले, आणि हा प्रकार नूबियाला इतका अपरिचित होता की ती मध्येच थांबून "पुढे सांगू?" असे विचारत राहिली. डॉक्टर ओस्साने तिला पूर्वीच्या मात्रेवर परत नेले, जरा स्थिर होऊ दिले, मग तेच औषध पातळ स्वरूपात लिहून दिले. बिनसुईच्या सिरिंजने मोजून घ्यायचे, काही आठवड्यांनी किंचित कमी करायचे, त्रास झाला तर तिथेच थांबायचे.

"आणि खाली येऊ तशा पायऱ्या आणखी लहान करायच्या," डॉक्टर म्हणाली.

नूबिया विचारात पडली. "आमच्याकडे नवशिक्यांना मिठाचं पाणी चाखायला देतात. खूप खारट आणि थोडं कमी खारट यांतला फरक सांगताना पोरं अडखळतात. पण नावाला मीठ असलेलं पाणी आणि साधं पाणी ठेवलं की कोणीही सांगतं."

"तेच आहे हे. शेवटची चिमूट सगळ्यांत मोठी." डॉक्टरने आणखी एक चिठ्ठी लिहिली. "ही अंगावर लावायची पट्टी, पाळी गेल्याच्या त्रासासाठी. मी दोन्ही बघते. खिडकी एकच आहे."

तेव्हापासून ईस्टर होऊन गेला, मधला हंगाम होऊन गेला. धास्ती येतच राहिली, पण नूबियाने तिच्याशी एक खेळ सुरू केला होता. छातीत धडधडू लागले की ती विचारी: तू कोणाची? सुटणाऱ्या औषधाची, सरणाऱ्या वयाची, की माझी स्वतःची? तिघांपैकी वेगळा कोण? उत्तर एकदाही मिळाले नव्हते. पण विचारले की धडधड जराशी मागे सरून बसे, जणू तिलाही ते ऐकायचे असावे.

आज सकाळी धाकट्या बहिणीने, फाबिओलाने, तव्यावरची अरेपा, मक्याची जाड भाकरी, तिच्या ताटलीत टाकता टाकता म्हटले होते, "ताई, आजच्यापुरतं पहिल्याएवढं घे ना. कोण बघतंय?"

"एका सकाळसाठी इतक्या महिन्यांची मेहनत घालवू?"

"नोकरी गेली की ती मेहनत चीज म्हणून घाल अरेपात."

नूबियाने सिरिंज उजेडात धरली, ठरलेल्या रेघेपर्यंतच भरली आणि गुळाच्या पाण्याबरोबर औषध घेतले. फाबिओलाने ताटली जरा आपटूनच ठेवली.

"या आत," लिबार्दोने दार उघडले. "कोपरं खिशात घाला."

आत कॉफीवर पाणी पडले होते. बोलणे बंद झाले आणि भुरके सुरू झाले. चमचाभर कॉफी ओठांशी नेऊन हवेसकट अशी ओढायची की तिचा फवारा टाळूला लागून नाकापर्यंत पोचावा. मग पिकदाणीत थुंकायचे. परक्या माणसाला हा आवाज असभ्य वाटतो.

पहिल्या तिकडीत मधला कप वेगळा होता. नूबियाला तो पहिल्याच चमच्याला सापडला. दुसऱ्या तिकडीपाशी पुन्हा लोट आला. घाम मानेवरून पाठीत उतरला, आणि लाल उजेडात ते कोणाला दिसले नाही. त्या खोलीत सगळेच लाल होते. तिने डावा कप लिहिला, पुन्हा चाखले, खोडून उजवा लिहिला. लिहितानाच तिला कळले की पहिला चमचा तिचा होता आणि दुसरा भीतीचा.

तिसऱ्या तिकडीपाशी ती थांबली.

डावा: गूळ, भाजलेला बदाम, शेवटी किंचित सालीची तुरट चव. मधला: गूळ, बदाम, साल. उजवा: तेच. तिने पाण्याने चूळ भरली आणि उलट दिशेने आली. तेच. ती पुढच्या तिकड्यांवर गेली, त्या तिला सहज सुटल्या, आणि कॉफी निवल्यावर ती परत फिरली. निवताना कॉफी लपवाछपवी सोडते. या तिघी काही लपवत नव्हत्या.

छाती धडधडू लागली. आत कोणीतरी म्हणत होते की एक वेगळा असलाच पाहिजे. परीक्षा आहे म्हणजे उत्तर आहे, भीती वाटते आहे म्हणजे काहीतरी बिघडले आहे. नूबिया चमचा धरून उभी राहिली. तिने ते म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग उत्तराच्या जागी लिहिले: वेगळा कप नाही.

हेर्मानने दिवा न बदलता कप उचलून ठिपके पाहिले. तिसऱ्या तिकडीत ठिपका डाव्या कपाखाली होता. थोरल्या ओकाम्पोने डावा लिहिला होता, धाकट्याने उजवा, येसेनियाने मधला.

"दोन्या नूबिया, चार बरोबर," हेर्मान म्हणाला. "तिसरीला तुम्ही उत्तरच दिलेलं नाही."

"दिलंय. तुम्ही वाचलंत आत्ता."

"ते उत्तर नव्हे. तिकडीत वेगळा कप असतोच. म्हणून तर तिला तिकडी म्हणतात." त्याचा आवाज मऊ झाला. "मला फार वाईट वाटतं. जेवून या, मग बोलू. माझ्या बायकोचंही हेच वय आहे, मी समजू शकतो."

"ती समजते का, विचारा एकदा," नूबिया म्हणाली.

सगळे जेवायला गेले. लिबार्दो कप गोळा करायला थांबला, नूबिया थांबली ती तिसऱ्या तिकडीपाशी.

"एकदा हा चाखा," तिने डावा कप पुढे सरकवला.

लिबार्दोने चमचा बुडवला. त्याचा भुरका साऱ्या काल्दास प्रांतात नावाजलेला होता. नवशिक्यांना तो ऐकवायला आणत. "स्पष्ट आहे," तो म्हणाला. "संत्र्याची साल. दक्षिणेतली, नारिन्योची कॉफी."

नूबियाने त्याच कपातला चमचा घेतला. गूळ, बदाम, साल. पण ती बदामाची. संत्रे कुठेच नव्हते. तिने भिंतीवरचे बटण दाबले आणि पांढरा दिवा लागला.

कोपऱ्यातल्या दळणयंत्राशेजारी एक फोडलेली राखीव पुडी पडली होती. पुडीवर तीनचा आकडा होता, बाकी काही नव्हते. नूबियाने कपाट उघडले. तीनचा आकडा असलेली दुसरी राखीव पुडी आत होती, बंद, चिकटपट्टीसकट. तिच्यावर वेगळ्या कॉफीची खूण होती: लाल शाईची जाड रेघ.

तिने दिवा पुन्हा लाल केला. रेघ नाहीशी झाली. पांढरा केला. रेघ परत आली. ती थोडा वेळ हेच करत राहिली. आता तिला घाई नव्हती. लाल उजेडात लाल रेघ दिसत नाही, हे टेबलावरच्या प्रत्येकाला माहीत होते आणि त्याने आजवर काहीच अडले नव्हते. या खोलीत पुडी कोणी वाचत नसे. फोडायची, नाकाशी धरायची. संत्र्याची साल आहे की नाही हे नाकच सांगे.

"लिबार्दो, ही पुडी फोडलीत तेव्हा वास कसला आला?"

"कॉफीचा."

"कुठल्या कॉफीचा?"

तो कप एकात एक बसवत होता. ते त्याने बसवून संपवले.

"कधीपासून?" तिने विचारले.

"तापाची साथ आली होती ना, तेव्हापासून. ताप गेला. वास काही परत आला नाही. जिभेला आंबट कळतं, गोड कळतं. बस्स. घरी दूध करपतं ते मला बायको ओरडली की समजतं."

"आणि गुण कसे देत होतात?"

"चौऱ्याऐंशी. चौऱ्याऐंशीला कोणी भांडायला येत नाही. तूही तेव्हा तेच द्यायचीस."

"मधल्या हंगामापासून तर तुम्ही माझ्या बरोबर वरखाली जाताय."

लिबार्दो स्टुलावर बसला. "तुझा चेहरा बघून."

नूबियाने कपाटातली बंद पुडी काढून टेबलावर ठेवली.

"आधी तुझा चेहरा म्हणजे रविवारचं दुकान," लिबार्दो म्हणाला. " शटर खाली. येसेनियाकडे बघावं तर त्या पोरीला सगळंच आवडतं. मग ईस्टरच्या सुमाराला तुझं शटर वर जायला लागलं. मला वाटलं, बाई आजारी आहे. मग लक्षात आलं, बाई चाखतेय." त्याने हात पालथे करून मांडीवर ठेवले. "आज या लाल दिव्यात काही दिसेना मला. सकाळपासून वाईट गेलाय दिवस."

संतापायला हवे होते. संताप वाटेवर होताही. पण कुतूहल त्याच्या आधी पोचले.

"काय दिसतं चेहऱ्यावर?"

"कॉफीत दोष असला की डावी नाकपुडी जरा वर जाते. चांगली असली की पापण्या लवायच्या थांबतात. आणि फारच चांगली असली तर थुंकायला उशीर करतेस तू."

"आणि मी घाबरलेली असले म्हणजे?"

"ते चेहऱ्यावर नसतं. तेव्हा तुझा अंगठा घासत असतो चमच्याच्या दांडीवर. ते निराळं." तो असे बोलला की जणू हे कोणालाही दिसावे. "त्या दोघांत माझा घोटाळा एकदाही झाला नाही."

नूबियाने हाताकडे पाहिले. चमचा अजून हातात होता आणि अंगठा दांडीवर मागेपुढे होत होता. तिने तो थांबवला नाही, पाहत राहिली. दोन वैद्यकीय खात्यांना जे वेगळे करता आले नव्हते आणि ती स्वतः इतके महिने ज्याच्या मागे होती, ते या माणसाने पोटासाठी, तिला न विचारता, रोज सकाळी केले होते.

मग संताप पोचला.

"हेर्मान पहिल्यांदा माझ्या वयाबद्दल बोलला, तेव्हा तुम्ही तिथे होतात."

"होतो."

"गप्प होतात."

"अगदीच गप्प नव्हतो. एक विनोद केला."

"कुठला?"

"ज्वालामुखीचा."

"ओकाम्पो अजून वापरतोय तो," नूबिया म्हणाली. "त्याला सांगा, माल चोरीचा आहे."

तिने दोन्ही पुड्या उचलल्या, फोडलेली आणि बंद. लिबार्दो उठला, म्हातारा दिसण्याइतका सावकाश उठला.

"काय सांगणार आहेस?"

"तिसऱ्या तिकडीत वेगळा कप नाही. लाल दिव्यात लाल रेघ दिसत नाही. पुढच्या खेपेला निळं पेन वापरा."

"आणि माझं?"

"तुमचं नाक तुमचं आहे. चेहरा माझा आहे." दाराशी ती थांबली. "इतके महिने मी वेडी झालेय की काय, हेच मला कळत नव्हतं, लिबार्दो. समोर उभं राहून तुम्हाला रोज कळत होतं."

त्याने एकात एक बसवलेले कप उचलले. नूबिया गेली.

हेर्मानने दोन्ही पुड्या पाहिल्या, दिवा लालपांढरा करून पाहिला आणि म्हणाला, "चूक काय, कोणाच्याही हातून होते." सकाळी हे औदार्य त्याच्यापाशी नव्हते, जेवणात मिळाले असावे. पुडी फोडणाऱ्याला वासावरून कसे कळले नाही, हे त्याने विचारले नाही, कारण ते कळण्यासाठी आधी प्रश्न पडावा लागतो. त्याने तिसरी तिकडी नव्याने मांडायला सांगितली. त्या एकीवर नूबियाचे टेबल अवलंबून होते.

या वेळी कप येसेनियाने भरले, कोपरे अंगाशी घट्ट धरून.

"दॉन लिबार्दो, तुम्हीही उभे राहा," हेर्मान म्हणाला. "या खेपेला मांडलं तुम्ही नाही. जरा गंमत."

लिबार्दो टेबलापलीकडे, आपल्या नेहमीच्या जागी, नूबियाच्या समोर येऊन उभा राहिला. दिवा लाल झाला. दार नीट लागले नव्हते आणि फटीतून पांढऱ्या उजेडाची पट्टी आत येऊन टेबलाच्या कडेला पडली होती, नूबियाच्या डाव्या हाताला, अर्ध्या पावलावर; तिथे उभे राहिले तर चेहरा दिसावा इतकी. तिने ती पाहिली. लिबार्दोने ती पाहिली, आणि नूबियाने पाहिली हेही पाहिले. तो चमचा हातात घेऊन थांबला.

नूबिया होती तिथेच उभी राहिली.

ओकाम्पो बंधूंचे भुरके झाले. येसेनियाने श्वास धरला होता. लिबार्दोचा चमचा कपापर्यंत गेला, कॉफीला न लागता माघारी आला, आणि त्याने तो हलकेच टेबलावर ठेवला. पालथा. कोणी कारण विचारले नाही. जाताना त्याने दार उघडले, आणि मग अगदी नीट, फट न ठेवता, लावून घेतले.

नूबियाच्या छातीतून लोट वर आला, गळ्याशी थांबला आणि पुढे गेला. हृदय जोरात चालले होते. अंगठा दांडीवर घासत होता. तिने त्याला घासू दिले. त्याचे काम निराळे होते.

तिने डावा कप चाखला आणि थुंकली. मधला चाखला, थुंकली. मग उजव्यात चमचा बुडवला, भुरका मारला, पिकदाणी ओठांशी नेली. आणि थुंकायला तिला जरा उशीर झाला.